प्राणवायूची मात्रा

४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते भिलाई येथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. सोव्हिएत संघाशी २ फेब्रुवारी १९५५ रोजी झालेल्या करारातून हा पोलाद कारखाना उभा राहिला. करार झाला त्या वेळी भिलाई ज्या मध्य प्रदेश राज्यात मोडत होते त्याची राजधानी नागपूर होती. पुढच्याच वर्षी राज्यपुनर्रचना होऊन नागपूर मुंबई राज्याच्या वाटेला लागले, आणि २००० साली भिलाईही छत्तीसगड या नव्या राज्यात गेले. भोसल्यांच्या अमलापासून चालत आलेला दोन्ही मुलखांचा व्यवहार मात्र या फेरफारांनी तुटला नाही. नागपूर, भंडारा, गोंदिया, राजनांदगाव, दुर्ग, भिलाई हा लोहमार्ग आजही त्याची साक्ष देतो.

त्याच १९५९ सालच्या मे महिन्यात अमेरिकेतील एका बालरोगविषयक नियतकालिकात मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड या दोन संशोधकांचा निबंध प्रसिद्ध झाला. दिवस भरण्यापूर्वी जन्मलेली मुले जन्मल्यानंतर काही तासांतच गुदमरून का दगावतात, याचे कारण त्यात प्रथमच नेमकेपणाने सांगितले होते. झोतभट्टी आणि हा निबंध यांची सांगड घालण्याचे त्या वेळी कोणालाच कारण नव्हते. तथापि पुढे भिलाई हे पोलादाइतकेच प्राणवायूचेही मोठे उत्पादनकेंद्र बनले, आणि अकाली जन्मलेल्या अर्भकाच्या उपचाराचा इतिहास तर पहिल्यापासून प्राणवायूभोवतीच घुटमळत राहिला. हे दोन इतिहास शेजारी ठेवून वाचले म्हणजे मुबलकता आणि उपाय यांत किती अंतर असू शकते ते ध्यानात येते.

प्राणवायू हा शब्दच मुळी विचार करण्याजोगा आहे. लाव्हाझिए याने अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात या वायूला जे नाव दिले त्याचा अर्थ ‘आम्ल उत्पन्न करणारा’ असा होतो, आणि ते नाव रसायनदृष्ट्या चुकीचे ठरले. मराठीने प्राण, अपान, व्यान, उदान, समान या पंचवायूंतील पहिल्याचे नाव उचलून या नव्या वायूला दिले. शब्द सुंदर आहे, पण त्यात एक धोका दडलेला आहे. जो साक्षात प्राणच, तो अधिक दिल्याने अपाय कसा होईल, असा समज त्यातून सहज होतो. वास्तविक हा वायू १७७४ साली वेगळा करणाऱ्या जोसेफ प्रीस्टले यानेच शंका बोलून दाखवली होती की, या शुद्ध हवेत मेणबत्ती जशी भराभर जळून जाते तसे प्राण्याचे आयुष्यही जळून जाईल की काय. ही शंका पुढे पावणेदोनशे वर्षे कोणी फारशी मनावर घेतली नाही.

अकाली जन्माविषयी लोकमानसात पूर्वापार काही कल्पना रूढ आहेत. सातमाशी मूल जगते, अठमाशी जगत नाही, हा समज महाराष्ट्रात अनेक घरांतून ऐकू येई. प्राचीन ग्रीक वैद्यकात हिपॉक्रेटिसच्या नावावर असलेल्या ग्रंथांतही आठव्या महिन्याच्या मुलाविषयी हीच समजूत आढळते. इतक्या दूरच्या दोन समाजांत एकच चूक कशी रुजावी, हा लोकविद्येच्या अभ्यासकांनी सोडवण्याचा प्रश्न आहे. शरीरशास्त्र मात्र उलट सांगते. गर्भाशयात काढलेला प्रत्येक आठवडा फुप्फुसाच्या पदरात काहीतरी टाकतो, आणि सातव्यापेक्षा आठव्या महिन्याचे मूल केव्हाही अधिक तयारीचे असते.

ही तयारी नेमकी कशाची, हे समजण्यास बराच काळ लागला. फुप्फुस म्हणजे कोट्यवधी सूक्ष्म वायुकोशांचा समूह. प्रत्येक कोशाच्या आतील बाजूस ओलसर थर असतो, आणि ओल्या पृष्ठभागाचा स्वभावच आकसण्याचा. कोश जितका लहान तितका हा आकसण्याचा जोर अधिक. कर्ट फॉन नीरगार्ड याने १९२९ साली डुकराच्या फुप्फुसावर प्रयोग करून दाखवले की, हवेऐवजी द्रव भरला तर फुप्फुस कितीतरी कमी जोराने फुगते. म्हणजे श्वास घेताना झुंजावे लागते ते प्रामुख्याने या पृष्ठताणाशी. हा शोध २५ वर्षे जवळजवळ दुर्लक्षित राहिला. तो पुन्हा वर आला तो युद्धखात्याच्या प्रयोगशाळांतून, ही या इतिहासातील एक विचित्र गोष्ट. विषारी वायूंचा फुप्फुसावरील परिणाम तपासणाऱ्या इंग्लंडमधील रिचर्ड पॅटल याला १९५५ साली फुप्फुसातून निघालेल्या फेसाचे बुडबुडे विलक्षण टिकाऊ असल्याचे दिसले. पाठोपाठ अमेरिकेत जॉन क्लेमेंट्स याने तो ताण मोजून दाखवला. फुप्फुसातील विशिष्ट पेशी साबणासारखे वागणारे एक द्रव्य पाझरवतात, त्याचा पातळ पापुद्रा वायुकोशांना आतून अस्तर घालतो, आणि त्यामुळे उच्छ्वासानंतर कोश मिटून जात नाहीत, असे यातून सिद्ध झाले. या द्रव्याला सर्फॅक्टंट म्हणतात.

एव्हरी यांचे श्रेय असे की, त्यांनी हा भौतिकशास्त्राचा धागा मृत अर्भकाच्या फुप्फुसाशी नेऊन जोडला. इतर रुग्णांच्या पाणी झालेल्या फुप्फुसात जो फेस दिसतो तो या अर्भकांच्या फुप्फुसात त्यांना कधीच दिसला नव्हता. जर्मन विकृतिशास्त्रज्ञ हॉखहाइम याच्या १९०३ सालच्या वर्णनापासून या मुलांच्या वायुकोशांत दिसणाऱ्या काचेसारख्या पडद्याला दोष दिला जात होता, रोगाचे नावही त्यावरूनच पडले होते. एव्हरी आणि मीड यांनी सांगितले की, दोष तेथे काही अधिक असण्यात नसून काहीतरी नसण्यात आहे. हे द्रव्य गर्भात साधारण चोविसाव्या आठवड्यापासून तयार होऊ लागते आणि चौतीस-पस्तिसाव्या आठवड्याच्या सुमारास पुरेसे होते. त्याआधी जन्मलेल्या मुलाचा प्रत्येक श्वास पहिल्या श्वासाइतकाच कष्टाचा असतो. कोश उघडावा, तो मिटावा, पुन्हा उघडावा. काही तासांत ते थकते.

याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण १९६३ सालचे. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक ७ ऑगस्ट रोजी साडेपाच आठवडे आधी जन्माला आला. वजन सुमारे २.१ किलो, म्हणजे आजच्या कोणत्याही बऱ्या रुग्णालयात फारशी धास्ती वाटू नये इतके. त्याला बोस्टनला हलवून दाबाखाली प्राणवायू भरलेल्या बंद दालनात ठेवण्यात आले. पृथ्वीवरील सर्वांत सामर्थ्यवान घराला जेवढा प्राणवायू उपलब्ध होता तेवढा त्याच्याभोवती होता. ३९ तासांनी ते मूल गेले. उघडे न राहणाऱ्या कोशांत प्राणवायू शिरणार तरी कोठून?

परंतु प्राणवायूचे अपयश येथेच संपत नाही. १९४० ते १९५५ ही वर्षे या शास्त्राच्या इतिहासातील सर्वांत क्लेशकारक होत. १९४२ साली बोस्टनमधील नेत्रतज्ज्ञ थिओडोर टेरी याने अकाली जन्मलेल्या मुलांत डोळ्याच्या भिंगामागे पांढरा पडदा धरून येणाऱ्या अंधत्वाची नोंद केली. पाहता पाहता प्रगत देशांत अशा मुलांची संख्या वाढली; जगभर सुमारे १०,००० मुलांची दृष्टी या काळात गेली असे मानले जाते. कारणांची यादी लांबत गेली. प्रकाश, जीवनसत्त्वे, दूध, लोह, संसर्ग, जे सुचेल ते तपासले गेले. चमत्कार असा की, हा रोग गरीब, साधनहीन रुग्णालयांत जवळजवळ नव्हता. तो होता उत्तमोत्तम संस्थांत, जेथे मुलाला नव्या धर्तीच्या हवाबंद काचपेटीत ठेवून आठवडेच्या आठवडे सढळ हाताने प्राणवायू दिला जाई. मेलबर्नच्या डॉ. केट कॅम्पबेल यांनी १९५१ साली नेमकी ही तुलना मांडली आणि बोट प्राणवायूकडे दाखवले.

हे मानणे जड गेले, आणि ते स्वाभाविकही होते. जो हात आयुष्यभर निळे पडलेले मूल गुलाबी करण्यासाठी तोटी उघडत आला त्याने ती बंद करावी कशी? वॉशिंग्टनमधील एका चाचणीत ज्या मुलांना कमी प्राणवायू द्यायचा होता त्यांची तोटी काही परिचारिका रात्री गुपचूप उघडत, असे नमूद आहे. त्यांच्या दयेला नावे ठेवण्यात अर्थ नाही. शेवटी १९५३-५४ साली अमेरिकेतील १८ रुग्णालयांनी एकत्र येऊन चिठ्ठ्या टाकाव्यात तशी मुलांची वाटणी केली आणि निकाल निर्विवाद लागला. अपुऱ्या वाढलेल्या डोळ्याच्या रक्तवाहिन्या अतिरिक्त प्राणवायूने आधी खुंटतात आणि मग वेड्यावाकड्या फोफावून दृष्टिपटल सोलून काढतात.

लगोलग दुसऱ्या टोकाची चूक झाली. कोणाही मुलाला ४० टक्क्यांहून अधिक प्राणवायू द्यायचा नाही, असा दंडकच पडला. अंधत्व ओसरले, पण ज्यांची फुप्फुसे खरोखरच आजारी होती ती मुले आता प्राणवायूवाचून मरू लागली. हे मृत्यू कोणाच्या डोळ्यांवर आले नाहीत, कारण अंध मूल दिसते, मेलेले दिसत नाही. इंग्लंडमधील केनेथ क्रॉस याने १९७३ साली हिशेब मांडून अंदाज केला की, एका मुलाची दृष्टी वाचवण्यासाठी सुमारे १६ मुलांचा जीव गेला असावा. अंदाजाच्या आकड्याविषयी मतभेद असतील, दिशेविषयी नाहीत. वास्तविक चूक प्राणवायू देण्यात नव्हती आणि न देण्यातही नव्हती. प्रत्येक मुलाच्या रक्तात तो किती पोहोचतो आहे, हे घटकेघटकेला मोजण्याचे साधनच त्या काळी नव्हते.

या कोंडीतून वाट दाखवली ती एका अर्थाने अर्भकानेच. असे मूल कण्हते. त्याच्या नाकपुड्या फुलतात, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते आणि प्रत्येक उच्छ्वासाबरोबर बारीक, ओढलेला आवाज येतो. छत्तीसगडात आणि एकूण हिंदी मुलखात बाळाची ‘पसली चलना’ म्हणतात, विदर्भातील खेड्यांत ‘डबा झाला’ म्हणतात. शब्द कोणताही असो, आयाबायांची नजर या बाबतीत अचूक असते. हे कण्हणे वेदनेचे नसून युक्तीचे आहे, हे डॉक्टरांना मागाहून कळले. कंठद्वार अर्धवट मिटून मूल थोडी हवा फुप्फुसात अडवून धरते, जेणेकरून कोश पुरते मिटू नयेत. सॅन फ्रान्सिस्कोच्या जॉर्ज ग्रेगरी यांनी १९७१ साली हेच बाहेरून केले. श्वास मुलानेच घ्यायचा, केवळ वाटेत सतत हलका दाब ठेवायचा. पहिल्या २० मुलांपैकी १६ वाचली. सीपॅप या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या उपचाराचे सर्वांत साधे रूप म्हणजे पाण्याच्या बाटलीत बुडवलेली नळी. नळीचे टोक पाण्याखाली पाच सेंटिमीटर असेल तर दाब तेवढाच राहतो, आणि बुडबुडे येत आहेत तोवर यंत्र ठीक चालले आहे असे समजावे. पुढे १९८० साली जपानच्या तेत्सुरो फुजिवारा यांनी गायीच्या फुप्फुसातून काढलेले सर्फॅक्टंट थेट श्वासनलिकेत सोडून १० मुलांवर उपचार केले. एव्हरी यांनी जे नाही म्हणून सांगितले होते ते २१ वर्षांनी देता आले.

भिलाईत याच दशकात पोलाद करण्याची रीत बदलत होती. सोव्हिएत धर्तीच्या उघड्या चुलीच्या भट्ट्यांच्या जोडीला कन्व्हर्टर आले. वितळलेल्या लोखंडावर शुद्ध प्राणवायूचा झोत सोडून त्यातील कार्बन जाळण्याची ही पद्धत. त्यासाठी लागणारा वायू साध्या हवेतूनच मिळवतात. हवा थंड करीत द्रवरूपात आणायची आणि मग उकळत्या बिंदूंच्या फरकावर घटक वेगळे करायचे. नायट्रोजन उणे १९६ अंश सेल्सिअसला उकळतो, प्राणवायू उणे १८३ ला. एवढ्या १३ अंशांच्या फटीतून टनांनी प्राणवायू निघतो. नियोजनपूर्वक वसवलेल्या या नगरीला स्वतःचे मोठे रुग्णालयही लाभले. सेक्टर ९ मधील जवाहरलाल नेहरू चिकित्सालय पंचक्रोशीत त्या सेक्टरच्या आकड्यानेच ओळखले जाते.

कारखान्याचे लोहखनिज मात्र येते ऐंशी-नव्वद किलोमीटरांवरच्या दल्ली-राजहरा येथील खाणींतून, आणि तेथील ठेकेदारी कामगारांची कथा निराळी होती. शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली १९७७ मध्ये त्यांनी छत्तीसगड माइन्स श्रमिक संघ स्थापन केला. त्याच वर्षीच्या जून महिन्यातील गोळीबारात ११ जण मारले गेले. पुढे संघटनेच्या पदाधिकारी कुसुमबाई यांचा वेळेवर उपचार न मिळाल्याने बाळंतपणात मृत्यू झाला, आणि खाणकामगारांनी आपले रुग्णालय आपणच बांधण्याचे ठरवले. वर्गणी त्यांची, विटा उचलणारे हातही त्यांचेच. ३ जून १९८३ रोजी, गोळीबारातील मृतांच्या स्मृतिदिनी, शहीद रुग्णालय सुरू झाले. भारताच्या आरोग्य इतिहासात या घटनेला मिळावे तेवढे स्थान मिळालेले नाही. नियोगींची हत्या २८ सप्टेंबर १९९१ रोजी झाली, तीही भिलाईतच. रुग्णालय त्यांच्यामागे टिकले.

कुसुमबाईंचे मरण आणि अर्भकाचा श्वास यांचा संबंध दूरचा नाही. जेथे बाळंतीण वाचत नाही तेथे अपुऱ्या दिवसांचे मूल वाचण्याची गोष्टच नको. अशा ठिकाणी काय करता येते, याचे उत्तर शोधण्याचा सर्वांत चिकाटीचा प्रयत्न छत्तीसगडच्या सीमेला लागून असलेल्या गडचिरोली जिल्ह्यात झाला. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने १९८० च्या दशकात येथे काम सुरू केले. आरंभी बालकांचा न्यूमोनिया हा विषय होता. निरक्षर सुइणींनाही बाळाचे श्वास मोजता यावेत म्हणून मणी आणि एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ जोडून केलेले त्यांचे साधन हे गरजेतून जन्मलेल्या बुद्धीचे उत्तम उदाहरण आहे. १९९५ पासून ३९ गावांत थोडेबहुत शिकलेल्या स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून तयार करण्यात आले. जन्माच्या वेळी त्या हजर राहत. मूल रडले नाही तर नळी-मुखवट्याने किंवा फुग्याने त्याला श्वास देत. कमी वजनाच्या मुलाला उबदार पिशवीत ठेवत, आईला पाजायला शिकवीत, जंतुसंसर्गाची लक्षणे दिसताच इंजेक्शन देत. डिसेंबर १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने येथील नवजात मृत्यूदर तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी घटला. २०११ पासून आशा कार्यकर्त्यांच्या घरभेटींचा जो राष्ट्रीय कार्यक्रम राबवला गेला त्यामागे हा अनुभव होता.

या स्त्रियांच्या पिशवीत प्राणवायूचे सिलिंडर नव्हते. त्या देत होत्या ती साधी हवा. दिल्लीत डॉ. सिद्धार्थ रामजी यांनी नॉर्वेच्या ओला सॉगस्टॅड यांच्यासह १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीने हेच दुसऱ्या बाजूने दाखवले होते. जन्मतः गुदमरलेल्या मुलाला शुद्ध प्राणवायूऐवजी साधी हवा दिली तरी ते तितकेच चांगले सावरते. नंतरच्या चाचण्यांत तर हवाच उजवी ठरली, आणि पूर्ण दिवसांच्या मुलासाठी २०१० मध्ये जागतिक मार्गदर्शक सूचना तशा बदलल्या. साधनहीनांची लाचारी म्हणून जे पाहिले जाई ते शास्त्र ठरले. अर्थात गडचिरोलीच्या झोपडीतील उपायांना मर्यादा होतीच. अठ्ठावीस आठवड्यांच्या, सर्फॅक्टंट नसलेल्या मुलाला मुखवटा आणि उबदार पिशवी फार काळ तारू शकत नाही. त्याला रुग्णालयच हवे.

अशा मुलाचे फुप्फुस जन्माआधीच पिकवता येईल का, याचे उत्तर न्यूझीलंडच्या ग्रॅहम लिगिन्स यांना मेंढीच्या कोकरात सापडले. १९७२ साली लिगिन्स आणि हौई यांनी अकाली कळा सुरू झालेल्या मातांना स्टेरॉइडची इंजेक्शने देऊन अर्भकांचा श्वासविकार कमी होतो हे सिद्ध केले. औषध स्वस्त, तरी ते सर्वत्र रूढ होण्यास वीस वर्षांहून अधिक काळ लागला. भारत सरकारने २०१४ मध्ये गावपातळीवरील परिचारिकेलाही रुग्णालयात पाठवण्यापूर्वी पहिली मात्रा देण्याची मुभा दिली. आणि येथे पुन्हा एकदा जुना धडा नव्या वेषात समोर आला. सहा देशांतील एका मोठ्या चाचणीत, जिच्या भारतातील केंद्रांपैकी एक नागपूर आणि दुसरे बेळगाव होते, हे औषध खेड्यापाड्यांपर्यंत नेऊन पाहण्यात आले. २०१५ साली निकाल आला तो अनपेक्षित होता. लहानग्या मुलांचे मृत्यू घटले नाहीत, एकूण नवजात मृत्यू किंचित वाढले आणि मातांमध्ये संसर्गाची शंकाही अधिक दिसली. दिवस नेमके न मोजता, ज्यांना गरज नव्हती अशाही अनेकींना औषध मिळाले होते, आणि मूल जन्मल्यावर त्याला सांभाळणारी सोय जवळ नव्हती. २०२० साली बेळगावसह पाच देशांतील रुग्णालयांत, सोनोग्राफीने दिवस निश्चित करून तेच औषध दिले तेव्हा अर्भकमृत्यू २३.५ टक्क्यांवरून १९.६ टक्क्यांवर आले.

एप्रिल २०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत भिलाईचे नाव महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचले. तेथून निघणाऱ्या द्रवरूप प्राणवायूच्या टँकरांवर नागपूर-विदर्भातील रुग्णालये तग धरून होती, आणि तेथून मिळणारा वाटा कमी झाल्याचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेला. तो वायू त्या महिन्यात अक्षरशः प्राण होता. अकाली जन्मलेल्या मुलाचा हिशेब मात्र अगदी वेगळ्या मापाचा. एक टन द्रवरूप प्राणवायूपासून सुमारे सात लाख लिटर वायू होतो. मिनिटाला अर्धा लिटर घेणाऱ्या अर्भकाला तो अडीच वर्षे पुरून उरेल; वीस टनांचा एक टँकर अर्धशतकाहून अधिक. टंचाई येथे वायूची नसते. ती असते वायू आणि हवा हव्या त्या प्रमाणात मिसळणाऱ्या उपकरणाची, आणि रक्तातील प्राणवायू दाखवणाऱ्या त्या लहानशा लाल दिव्याच्या यंत्राची, ज्याचे तत्त्व जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये मांडले. मिश्रणाची सोय नसलेल्या कक्षांत शंभर टक्के प्राणवायू दिला जातो, आणि पाश्चात्त्य देशांत सहसा ज्यांना धोका नसतो अशी दीड किलोहून जड मुलेही भारतात दृष्टी गमावताना आढळली आहेत.

किती प्राणवायू योग्य, या १९५० च्या दशकातील प्रश्नाचे उत्तर २०१० नंतर, अठ्ठावीस आठवड्यांआधी जन्मलेल्या सुमारे ५,००० मुलांच्या पाच चाचण्यांतून मिळाले. रक्तातील संपृक्तता ८५ ते ८९ टक्के ठेवली तर डोळे अधिक वाचतात, पण मृत्यू वाढतात. ९१ ते ९५ ठेवली तर मृत्यू कमी, डोळ्यांना धोका थोडा अधिक. बहुतेक ठिकाणी दुसरी मर्यादा पत्करली गेली आणि डोळ्यांची ठरलेल्या वेळी तपासणी तिच्या जोडीला आली. काचेत ठेवलेल्या मुलाच्या पायाला तो लाल दिवा बांधलेला असतो. आकडा ९५ च्या वर गेला की परिचारिका मिश्रणाची कळ किंचित मागे फिरवते, ९० च्या खाली आला की पुढे. आणि मधल्या वेळात बाटलीतले बुडबुडे चालू आहेत ना, याकडे कान ठेवते.